आतलं काम

२०२४च्या नोव्हेंबरातली गोष्ट. विधानसभेच्या निवडणुकीला आठ-दहा दिवस उरले होते. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजली. दारात दोन तरुण उभे. एकाच्या हातात मतदारयादीचे कागद, दुसऱ्याच्या काखेत पुस्तिकांचा गठ्ठा. ‘काका, साहेबांचा कार्य-अहवाल,’ असं म्हणून त्यानं एक पुस्तिका माझ्या हातावर ठेवली. गुळगुळीत कागद, बत्तीस पानं, सगळी रंगीत.

आयुष्यभर बँकेत काढल्यामुळं मला एक सवय लागली आहे. कुठलाही अहवाल मी मागच्या पानापासून वाचायला घेतो. कंपनीच्या अहवालात पुढं अध्यक्षांचा फोटो असतो आणि खरी गोष्ट मागं, ताळेबंदात असते. या पुस्तिकेत मात्र मागंही फोटोच होते. काँक्रीटचे रस्ते, समाजमंदिर, साहेबांचं नाव कोरलेली बाकडी, खुली व्यायामशाळा, रुग्णवाहिका, दहावीच्या मुलांना वह्यावाटप, ज्येष्ठ नागरिकांची काशीयात्रा, महिलांचा हळदीकुंकू समारंभ.

मी म्हटलं, ‘छान आहे सगळं. पण एक सांगा, साहेबांनी पाच वर्षांत सभागृहात कोणतं विधेयक मांडलं? कोणत्या कायद्याला होकार दिला, कोणत्याला नकार?’

पुस्तिकावाल्यानं मित्राकडं पाहिलं. मित्रानं मतदारयादीकडं पाहिलं. मग पहिला जरा अजिजीनं म्हणाला, ‘काका, ते आतलं काम असतं.’

मला हसू आलं, पण ते दोघं गेल्यावर ते दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. आतलं काम! अहो, त्यासाठीच तर आपण माणसाला आत पाठवतो.

त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. आमदाराकडून आपण तरी दुसरं काय मागतो? मुलाचा शाळाप्रवेश, भाच्याची बदली, जळालेला ट्रान्सफॉर्मर. बँकेत असताना माझ्या टेबलावर आमदारांच्या शिफारशीची पत्रं येत. त्यातल्या एकाही पत्रात त्यांनी कायद्याबद्दल काही लिहिलेलं मला आठवत नाही. आणि मी काय वेगळा? निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या लाइनसाठी चार जणांबरोबर मीही एका आमदाराच्या बंगल्यावर तासभर बसून आलो आहे. चहा घेतला, नमस्कार केला, लाइन झाली. तुम्ही अधिवेशनात काय बोलता, असं विचारायचं तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही. वास्तविक पाण्याची लाइन हे नगरसेवकाचं काम. आमदाराचं काम कायदे करणं, सरकारच्या खर्चावर नजर ठेवणं आणि सरकारला जाब विचारणं. हे आपण शाळेत नागरिकशास्त्रात शिकलो, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो.

विसरण्याची सोयही व्यवस्थेनं करून ठेवली आहे. सभागृहात बहुतेक मतदान आवाजी होतं. अध्यक्ष प्रस्ताव वाचतात. बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात. कोणाचा आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात आणि विधेयक संमत होतं. कोण ‘होय’ म्हणालं, कोण ‘नाही’, कोण त्या वेळी उपाहारगृहात बसलं होतं, याची नोंद राहत नाही. कोणी मतविभागणी मागितली तरच डोकी मोजली जातात. आमच्या बँकेत एखाद्या रोखपालानं ‘आज साधारण बरेच पैसे जमा झाले’ एवढंच लिहून वही मिटली असती, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात निलंबनाचा कागद पडला असता!

त्यात १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. आयाराम-गयारामांना आळा घालण्यासाठी तो हवा होता, यात शंका नाही. पण त्यामुळं पक्षानं व्हिप काढला की सभासदानं मान डोलवायची, नाही तर पद जाण्याची टांगती तलवार, अशी स्थिती झाली. उरलं स्वतःचं विधेयक. मंत्री नसलेला सभासदही विधेयक मांडू शकतो. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. त्यासाठी आठवड्यातला थोडा वेळ राखलेला असतो, आणि तोही गावाकडं निघायच्या घाईचा. संसदेचंच उदाहरण घ्या. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी अवघी १४ विधेयकं कायदा झाली, आणि शेवटचं झालं ते १९७० साली. म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा.

मग कोणी म्हणेल, जे संमत होतच नाही ते मांडायचं कशाला आणि आपण विचारायचं तरी कशाला? मलाही पूर्वी तसंच वाटे. माझं मत बदललं ते एका शेतकऱ्यामुळं आणि एका जाडजूड पुस्तकामुळं.

१९८६ साली माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत झाली. शेतीकर्जाचा अधिकारी म्हणून. पावसाळ्याआधी कर्ज मागायला येणाऱ्यांची रांग लागे. एक दिवस सत्तरीकडं झुकलेला एक माणूस आला. अंगात बंडी, कमरेला पंचा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्याला बैलजोडीसाठी कर्ज हवं होतं. मी सातबारा पाहिला. दोन तुकडे मिळून सव्वा एकराची भातजमीन. मग मालकी कशी आली ते पाहण्यासाठी मी जुने फेरफार मागितले. त्यात पूर्वी खोताचं नाव होतं आणि पुढं याच्या वडलांचं.

‘जमीन खोताकडून विकत घेतली काय?’ मी विचारलं.

तो म्हणाला, ‘इकत कशी घेनार सायेब? आमच्याजवल काय व्हतं? कायदा झाला न् जमीन नावावं झाली. माजा बा त्यापायी बोटीनं मुंबैला गेलता. मोर्चाला. बाबासायबांनी बोलावलं व्हतं.’

मी तेव्हा सत्ताविशीतला, घाटावरचा, बी.कॉम. झालेला. खोती म्हणजे नेमकं काय, हे मला धड ठाऊक नव्हतं. त्यानंच सांगितलं. गावचा खोत कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, त्यातला ठरलेला सारा सरकारात भरायचा आणि उरलेलं त्याचं. पिढ्यान् पिढ्या कसणारा माणूस कूळच राहायचा. खोताच्या घरची वेठ करायची, लग्न असलं तर आधी त्याच्या वाड्यावर जाऊन सांगायचं. मी कर्ज मंजूर केलं. पण ‘बाबासायबांनी बोलावलं व्हतं’ हे वाक्य मनात राहिलं. बाबासाहेब म्हणजे घटनाकार, महाडचं तळं, नागपूरची दीक्षाभूमी, एवढंच मला माहीत. त्यांचा कोकणातल्या सव्वा एकराशी काय संबंध?

तो संबंध सापडला बऱ्याच वर्षांनी, जिल्हा ग्रंथालयात. महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांचं इंग्रजी लेखन आणि भाषणं खंडाखंडांनी छापली आहेत. वसंत मून यांनी संपादित केलेला त्यातला दुसरा खंड १९८२ साली निघाला. त्यात मुंबई कायदेमंडळातली बाबासाहेबांची भाषणं आहेत. ते पुस्तक मी चार महिने घरी ठेवलं होतं. कादंबरीकार म्हणून मी पुष्कळ वाचलं आहे, पण कायदेमंडळाचा वृत्तांत रात्री जागून वाचावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

घटनाकार होण्याच्या कितीतरी आधी डॉ. आंबेडकर हे आपल्या मुंबई प्रांताचे आमदार होते. गव्हर्नरनं त्यांना मुंबई विधान परिषदेवर नेमलं आणि १९२७च्या फेब्रुवारीत ते सभागृहात बसले. वय ३५. नेमलेला सभासद म्हणजे सरकारचा मिंधा, असा तेव्हाचा समज. आणि या गृहस्थांनी पहिल्याच अर्थसंकल्पावर बोलायला उभं राहून विचारलं की प्राप्तिकराला उत्पन्नाची मर्यादा आहे, त्याखाली कर लागत नाही. मग शेतकऱ्याला काही पिको न पिको, एक बिघा असो की शंभर, त्याच्याकडून सारा का घेता?

पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या खर्चावरचं भाषण आहे. ते वाचताना माझ्यातला बँकवाला उठून बसला. आकडेच आकडे! आपण शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करतो आणि दारूवरच्या करापोटी त्याच माणसाकडून दोन रुपयांहून जास्त वसूल करतो. प्राथमिक शाळेत शंभर मुलं दाखल झाली तर चौथीपर्यंत पोचतात अठरा. याच गतीनं गेलो तर शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला ४० वर्षं लागतील आणि सगळ्या मुली यायला ३००. शिक्षणखात्याच्या अहवालाचा असा उलटतपास आजच्या किती आमदारांनी घेतला असेल?

आता त्यांचं स्वतःचं विधेयक. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी वतनाच्या १८७४च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. महार वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. गावकीची आणि सरकारची कामं वतनदार महारानं करायची. रात्र नाही, दिवस नाही. तो घरी नसला तर त्याच्या बापानं, नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणी हजर व्हायचं. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावानं द्यायचं बलुतं. ते बलुतंही गावाची मर्जी असेल तर. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : ज्याला वतन सोडायचं आहे त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून या चाकरीतून मोकळं होता यावं, बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, आणि कामं कोणती ते एकदा ठरवून द्यावं. विधेयक प्रवर समितीकडं गेलं. पुढं १९२९ साली त्यांनी ते मागे घेतलं.

म्हणजे खात्यावर शिल्लक शून्य.

१९३७ साली नव्या कायद्यानुसार निवडणुका झाल्या. आता ते नेमलेले नव्हते. स्वतंत्र मजूर पक्ष काढून भायखळा-परळमधून ते निवडून आले. गंमत म्हणजे त्यांच्याविरुद्ध उभे होते नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि बाबासाहेब विरोधी बाकांवर बसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला सरकारी खातेदाराचे हक्क मिळावेत आणि खोताला वाजवी भरपाई द्यावी, असं त्यात होतं. खोताला लुटा, असं कुठंही नाही. तिकडं अलिबागजवळ चरी गावच्या कुळांचा नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा संप १९३३ पासून चालूच होता. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि घाटावरचे हजारो शेतकरी मुंबईत आले. माझ्या कर्जदाराचे वडील त्या गर्दीत होते. मोर्चातर्फे शिष्टमंडळ खेरांना भेटलं. पण विधेयक पुढं सरकलं नाही. १९३९च्या नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळानंच राजीनामा दिला.

पुन्हा शिल्लक शून्य.

आणि मतदान? तिथंही बहुतेक वेळा ते हरणाऱ्या बाजूला. १९२७ साली लहान शेतजमिनींचे तुकडे होऊ नयेत म्हणून सरकारनं विधेयक आणलं. वरवर पाहता शहाणपणाचं. बाबासाहेबांनी विरोध केला. तुकडा लहान आहे हे खरं दुखणं नाही, असं त्यांचं म्हणणं. जमिनीवर पोट असणारी माणसं फार आणि शेतात घालायला भांडवल नाही, हे दुखणं. तुकडे सांधाल आणि माणसांना भूमिहीन कराल. त्यापेक्षा सहकारानं एकत्र कसा. मी दहा-दहा गुंठ्यांवर कर्ज वाटलेला माणूस आहे. दहा गुंठेवाल्याला गुंठ्यांपेक्षा पंपाची आणि बियाण्याची टंचाई जास्त असते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१९३७च्या ऑगस्टात मंत्र्यांच्या पगाराचं विधेयक आलं. मंत्र्यांनी महिना फक्त पाचशे रुपये घ्यायचे. त्यागाचे दिवस, टाळ्यांचा विषय. विरोधी पक्षातल्या माणसानं यावर गप्प बसणं सोयीचं होतं. बाबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले की पगार ठरवताना माणसाची लायकी आणि कारभाराची शुद्धता यांचाही विचार करायला हवा. पटो न पटो, टाळ्यांच्या विरुद्ध दिशेला बोलायला छाती लागते. पुढच्या वर्षी औद्योगिक कलहाचं विधेयक आलं. त्यात संपावर अनेक बंधनं होती. मजुरानं काम थांबवणं हा त्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं मांडत त्यांनी त्यावर कडाडून हल्ला चढवला. विधेयक बहुमतानं संमत झालं. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. त्याच आठवड्यात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडला. तोही फेटाळला गेला.

हे सगळं वाचून मी एका कागदावर हिशेब मांडला. सवय, दुसरं काय. डावीकडं मांडलेलं, उजवीकडं संमत झालेलं. उजवी बाजू जवळजवळ कोरी. आजकाल लोकप्रतिनिधींना गुण देण्याची पद्धत आहे : हजेरी इतकी, प्रश्न इतके, विधेयकं इतकी. त्या पद्धतीनं मोजलं तर या आमदाराला किती गुण पडतील, याचा विचार करूनच मी पेन खाली ठेवलं.

बँकेत एक खातं असतं, सस्पेन्स खातं. एखाद्या रकमेचा मालक लगेच ठरत नाही किंवा कागद अपुरे असतात, तेव्हा ती रक्कम फेकून देत नाहीत. ती तिथं नोंदवून ठेवतात. नोंद उभी असते, आणि प्रत्येक तपासणीला अधिकारी विचारतो, ही अजून का मिटली नाही? न संमत झालेल्या विधेयकाचं तसंच आहे. खोती १९४९च्या कायद्यानं गेली आणि तो पुढच्या वर्षी अमलात आला. विधेयकानंतर १२ वर्षांनी. महार वतनं गेली ती १९५८च्या कायद्यानं. मार्च १९२८ पासून मोजा, तीस वर्षं. ते पाहायला बाबासाहेब नव्हते; १९५६च्या डिसेंबरातच ते गेले. पण नोंद मिटली. आणि १९८६ साली, ज्या कागदाच्या आधारावर मी बैलजोडीचं कर्ज मंजूर केलं, त्या कागदाच्या मुळाशी ही सभागृहात कधी संमतच न झालेली नोंद होती.

हे एकट्या बाबासाहेबांचंच नाही. त्यांच्याही आधी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधान परिषदेत ठराव आणला की सरकारी पैशानं बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली त्याप्रमाणं आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात कोणी पाणी भरू देईना. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावर जे घडलं, ते आपल्याला माहीत आहे. पण तळ्यावर गेलेली माणसं काही परवानगी मागायला गेली नव्हती. एका आमदाराच्या ठरावानं दिलेला हक्क ती वापरायला गेली होती. सत्याग्रह पुस्तकात येतो, ठराव येत नाही. आतलं काम!

आता एक कबुली द्यायची आहे. ती या लेखात आली नसती तरी चाललं असतं, पण मग लेख लिहिण्यात अर्थ नव्हता.

१९८४चा डिसेंबर. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. क्लोजिंग म्हणजे रात्री बारा-बारापर्यंत लेजरं उघडी, चहाच्या किटल्या आणि एका पैशाच्या फरकासाठी सगळ्या शाखेची डोकी फिरलेली. आमच्या शाखेतल्या एक लिपिक बाई बाळंतपणाच्या रजेवर जायच्या होत्या. तारीख त्याच आठवड्यातली. मी नुकताच अधिकारी झालेलो. त्यांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘बाई, तुम्हाला मुहूर्तही बरा सापडला!’ दोघं-तिघं हसले. बाई काही बोलल्या नाहीत. रजेवर जायच्या आदल्या रात्री साडेनऊपर्यंत बसून त्यांनी आपल्या वाट्याची लेजरं जुळवून दिली. मला ते तेव्हा रास्तच वाटलं होतं.

त्या खंडात २८ जुलै १९२८ रोजीचं एक भाषण आहे. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी, असं दुसऱ्या एका सभासदाचं विधेयक होतं. बाबासाहेब पाठिंबा द्यायला उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी सांगितलं. त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा. पण मालकालाही स्त्रीच्या श्रमाचा फायदा मिळतो, तेव्हा त्यानंही आपला वाटा द्यावा. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. सबंध देशासाठी तसा कायदा व्हायला १९६१ साल उजाडलं. २०१७ साली ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली.

ते पान वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. ज्या हक्काची मी चेष्टा केली, तो कोणा बँकेनं किंवा साहेबानं मेहेरबानी म्हणून दिलेला नव्हता. कोणीतरी ५६ वर्षांपूर्वी एका सभागृहात उभं राहून तो मागितला होता, कोणीतरी हात वर केले होते. त्या बाई पुढं बदलून गेल्या. मी त्यांची माफी कधी मागितली नाही. आता कुठं आहेत, ठाऊक नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. आमदाराचं काम तुमच्या-माझ्या घरात येऊन बसलेलं असतं. सातबाऱ्यावर, पगारपत्रकावर, सुनेच्या रजेच्या अर्जावर. ते रस्त्यासारखं दिसत नाही, त्यावर नाव कोरता येत नाही. म्हणून तर ते विचारावं लागतं. आणि विचारताना नुसती बेरीज विचारू नये. विधेयकं किती मांडली, यापेक्षा कोणासाठी मांडली? विरोध केला तर कारण काय दिलं? मत हरलं, तरी नोंद उभी राहिली का? पासबुकात आपण शेवटची शिल्लक तेवढी बघतो. पण माणूस कसा आहे हे कळायला मधल्या नोंदी वाचाव्या लागतात. कर्ज देताना मी तेच करत असे.

आवाजी मतदानाचं काय, असं तुम्ही विचाराल. महत्त्वाच्या विधेयकावर प्रत्येक सभासदाचं मत नावानिशी नोंदवावं, ही मागणी काही फार मोठी नाही. त्याला पैसे लागत नाहीत. सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीवर आपण हात वर करून मोजणी करतोच की. बारा-तेरा कोटींच्या राज्याला ते जड जाऊ नये.

मतदानाच्या आधी दोन दिवस तो पुस्तिकावाला पोरगा पुन्हा आला. या वेळी एकटाच. मतदानाची चिठ्ठी द्यायला आला होता. चिठ्ठी देऊन झाल्यावरही तो उभाच.

‘काय रे?’

‘काका, मी ऑफिसात विचारलं. विधेयकाचं.’

‘मग?’

‘विधेयक नाही निघालं एकही. पण साहेबांनी एक प्रश्न विचारला होता. आश्रमशाळेतल्या मुलींच्या जेवणाबद्दल. कोणाच्या लक्षातच नव्हतं. जुन्या फायलीत होता.’

‘पुस्तिकेत का नाही छापला?’

तो जरा विचारात पडला. ‘त्याचा फोटो नव्हता ना काका.’

मी त्याला आत बोलावलं. हिनं चहा टाकला. तो प्रश्न कोणत्या तारखेला विचारला होता आणि मंत्र्यांनी त्यावर काय उत्तर दिलं, एवढं त्याला शोधून आणायला सांगितलं आहे. निवडणूक होऊन गेली, निकाल लागले. पोरगा अजून आलेला नाही. मी वाट पाहतो आहे.